भरमार बंदूक

भरमार बंदूक किंवा ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू व गोळी भरून उडवली जाणारी बंदूक होय. पूर्व विदर्भातील गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांत आणि लगतच्या छत्तीसगडमध्ये ‘भरमार’ हे नाव प्रचलित आहे, तर कोकणात ‘ठासणीची बंदूक’ असे म्हणतात. या बंदुकीला तयार काडतूस लागत नाही. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी या वस्तू सुट्या असतात व प्रत्येक बारासाठी त्या नव्याने भराव्या लागतात.

नाव व संबंधित शब्द

‘भरमार’ हे नाव भरणे व मारणे या क्रियांवरून, तर ‘ठासणीची’ हे नाव गजाने दारू ठासण्याच्या क्रियेवरून आले आहे. एका वेळी भरलेल्या दारूगोळ्यास ‘बार’ म्हणतात. ‘फुसका बार’ व ‘बार उडवणे’ हे मराठीतील प्रयोग याच शब्दाशी जोडलेले आहेत. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्यासाठी ‘तोटा’ हा जुना शब्दही आढळतो.

दारूगोळा व भरण्याची पद्धत

सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणापासून बनलेली काळी दारू प्रथम नळीत ओतली जाते. त्यावर कापडाचा किंवा कागदाचा बोळा, मग शिशाची गोळी किंवा छर्रे आणि पुन्हा बोळा घालून सर्व गजाने ठासतात. नळीच्या मागील टोकास असलेल्या छिद्रातून ठिणगी आतील दारूपर्यंत पोहोचते.

ठिणगी देण्याच्या पद्धतीवरून या बंदुकीचे तीन प्रकार पडतात. तोड्याच्या बंदुकीत जळती वात, म्हणजे तोडा, कानातील रंजकास लावला जातो. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटते. टोपीच्या बंदुकीत आघाताने पेटणारे रसायन भरलेल्या तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटतो. आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या वापराचे पेटंट स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने १८०७ मध्ये घेतले.

काळी दारू जळाल्यावर तिच्या वस्तुमानाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यामुळे दाट पांढरा धूर होतो, नळीत काजळी साचते आणि काही बारांनंतर गोळी ठासणे कठीण होते. दमट हवेत दारू पेटत नाही. कवायती फौजेतील सराईत शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढू शकत असे.

कागदी काडतुसापासून धातूच्या काडतुसापर्यंत

सुटी दारू मोजण्याचा वेळ वाचावा म्हणून एका बाराची दारू व गोळी कागदात गुंडाळली जाऊ लागली. १८५७ च्या उठावास निमित्त ठरलेले एन्फिल्ड रायफलचे काडतूस याच प्रकारचे होते. शिपायाने ते दातांनी फाडून दारू नळीत ओतायची व गोळी गजाने ठासायची असे. वंगण लावलेल्या कागदात गाय व डुकराची चरबी असल्याच्या समजुतीमुळे असंतोष भडकला. ही रायफलही तोंडाकडूनच भरली जात असल्याने पितळी काडतुसाचा तिच्याशी संबंध नव्हता.

ब्रिटिश सैन्याने १८६६ मध्ये स्नायडर ही मागून भरण्याची रायफल स्वीकारली. तिच्या काडतुसात टोपी, दारू व गोळी एकत्र होती. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना स्थापन झाला. धूररहित दारूचा शोध फ्रान्समध्ये पॉल व्येई याने १८८४ मध्ये लावला.

गोंदिया परिसर व कायदा

१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याविना बंदूक बाळगण्यास मनाई केली. सध्याच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरण्याच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. अशी बंदूक पुरेशी नसल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. गोंदिया जिल्ह्यात भातशेती जंगलाला लागून असून रानडुकरांपासून पिकाची राखण ही नित्याची गरज आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. नागझिरा अभयारण्य व नवेगाव राष्ट्रीय उद्यान असलेल्या या जिल्ह्यात अशा बंदुकीने केलेली शिकार दंडनीय गुन्हा आहे. नक्षलवाद्यांकडून जप्त होणाऱ्या शस्त्रांतही भरमार बंदुका वारंवार आढळल्या आहेत. कारखान्यातील काडतूस लागत नसल्याने ही बंदूक पुरवठ्यावरील नियंत्रणातून निसटते. तिचे दीर्घकाळ टिकून राहणे व तिच्यावर देखरेख ठेवण्यातील अडचण, दोन्हींचे मूळ सुट्या दारूगोळ्यात आहे.

खेळांतील चित्रण

अमेरिकी ‘वेस्टर्न’ पार्श्वभूमीच्या भूमिकानाट्य खेळांत दारूगोळ्याचा काळ हा वास्तवतेचा कळीचा मुद्दा ठरतो. या प्रकारातील आरंभीचा खेळ ‘बूट हिल’ १९७५ मध्ये, तर ‘डेडलँड्स’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५१ व १८६० ची कोल्ट रिव्हॉल्व्हरे फिरत्या चक्राच्या प्रत्येक कप्प्यात पुढून दारू व गोळी ठासून आणि मागे टोपी बसवून भरली जात. दारूगोळ्याच्या दृष्टीने ती भरमार बंदुकीचीच भावंडे होत. पितळी काडतुसांची कोल्ट व विंचेस्टर ही प्रसिद्ध शस्त्रे १८७३ ची आहेत. त्यामुळे अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातील (१८६१–६५) कथानकात ती दाखवणे कालविपर्यास ठरतो. तथापि धातूची काडतुसे त्याआधी मुळीच नव्हती असे नाही. स्मिथ अँड वेसनचे लहान काडतुसाचे रिव्हॉल्व्हर १८५७ मध्येच बाजारात आले होते.

ठासण्यास लागणारा वेळ, धूर, काजळी व फुसका बार यांसाठी नियम केल्यास खेळाची गती मंदावते, म्हणून अनेक खेळ ते सौम्य करतात किंवा वगळतात. परंतु एका बारानंतर शस्त्र काही काळ निकामी होते, ही गोष्ट वगळल्यास त्या काळातील चकमकीचे स्वरूपच बदलते. पहिला नेम चुकल्यास पळणे, आडोसा घेणे किंवा तलवारीस हात घालणे एवढेच पर्याय उरत.