हातावरची जखम आणि न विचारलेला प्रश्न

मार्च-एप्रिलच्या उकाड्यातही नववीतील एखादी मुलगी पूर्ण बाह्यांचा स्वेटर काढत नाही. वर्गशिक्षिकेला एके दिवशी तिच्या हातावर जखमांच्या खुणा दिसतात. पालकांना बोलावणे धाडले जाते. ‘अभ्यासाचा ताण असेल’, ‘मोबाइलचे वेड’, ‘एखाद्या मुलाचे प्रकरण असणार’ असे तर्क लढवले जातात. मुलीला तंबी मिळते, घरी मोबाइल काढून घेतला जातो आणि प्रकरण मिटते. तुला झाले तरी काय, हे मात्र तिला कोणीच विचारलेले नसते.

असा प्रसंग कोणत्याही शाळेत घडू शकतो. स्वतःला इजा करून घेणाऱ्या प्रत्येक मुलामागे लैंगिक अत्याचारच असतो, असे मुळीच नाही. परीक्षेची धास्ती, घरातील कलह, मित्रांकडून होणारा छळ, नैराश्य अशी कारणे अनेक. पण अत्याचार हे त्यातले असे कारण आहे, जे मूल आपणहून सांगण्याची शक्यता फार थोडी. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले. त्यात मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित जास्तच होते. बहुतेकांनी ही गोष्ट कोणापाशीही बोलून दाखवली नव्हती. छळ करणारा निम्म्या प्रकरणांत ओळखीचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मौनाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. ज्याच्या पाया पडायला सांगितले जाते, त्याच्याविरुद्ध बोलायचे कसे?

मनात कोंडलेली शरम, स्वतःविषयीची घृणा आणि कधी कधी येणारी विलक्षण बधिरता यांतून क्षणभर सुटका व्हावी म्हणून काही मुले शरीराला इजा करतात. दर वेळी मरण्याचा हेतू असतोच असे नाही. म्हणून ‘नाटक आहे’ असे म्हणून ते सोडून देणे मात्र घातक ठरते, कारण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका निश्चितपणे वाढलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे तिसरे मोठे कारण आत्महत्या हे आहे.

विचारायचे कसे, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. एकांतात, शांतपणे आणि सरळ. ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. मूल बोलू लागले, की ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही’ एवढेच पुरे. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न मात्र कटाक्षाने टाळावा. भीतीने शरीर जागच्या जागी थिजणे ही नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येत नाही, असे कायदाही सांगतो. तपशील खोदून विचारणे हेही घरच्यांचे काम नव्हे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा, अशी तरतूद २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यात आहे.

‘कोणाला सांगणार नाहीस ना?’ असे मूल हमखास विचारते, आणि तेथेच खरी अडचण उभी राहते. प्रेमापोटी आपण ‘नाही’ म्हणून बसतो. पण ‘पोक्सो’च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावरील अत्याचाराची माहिती मिळणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील बालिकांच्या प्रकरणात शाळेने माहिती न देणे आणि पोलिसांची दिरंगाई यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने कडक शब्दांत खडसावले होते. त्यामुळे न पाळता येणारे वचन देऊच नये. आधीच एकदा विश्वासघात झालेल्या मुलाचा तो दुसरा विश्वासघात ठरतो. ‘तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगणे भाग आहे त्यांनाच सांगेन, आणि तुला आधी सांगून’ असे म्हणावे. या सक्तीच्या भीतीनेच काही मुले तोंड उघडत नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उपाय तक्रार दडपण्याचा नसून मुलाला सोबत मिळवून देण्याचा आहे. बालकल्याण समितीकडे त्यासाठी आधार-व्यक्ती मागता येते.

रुग्णालयात जाण्यास उशीर करू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. उपचारांसाठी आधी पोलिसांचा कागद आणा, असे कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार वा उपचार मोफत आणि तातडीने देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अवैध ठरवलेली आणि २०२२ मध्ये पुन्हा निषेधलेली ‘टू फिंगर’ चाचणी कोणी सुचवलीच, तर ठाम नकार द्यावा.

मुलाने स्वतःला इजा केली असेल तर पोलीस केस होईल, या धास्तीने ‘पडली, लागले’ असे अपघात विभागात सांगितले जाते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते. जुने कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलेच नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. म्हणजे खोटे सांगण्याचे कारण संपले, सवय मात्र गेलेली नाही.

जखमेला टाके घालताना चार प्रश्न विचारणारे कोणी हवे, या जाणिवेतून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ते होते, आणि रुग्णालयातील परिचारिका व कर्मचाऱ्यांनीच असे रुग्ण ओळखून समुपदेशकाकडे पाठवायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे ती शहरातील अन्य पालिका रुग्णालयांतही पोहोचली. शाळांच्या वाट्याला असे काही अजून नीटसे आलेले नाही.

आम्हा पत्रकारांनाही यातून सूट नाही. ‘अब्रू लुटली’ असे आपण वर्षानुवर्षे छापत आलो; जणू गेली ती तिची अब्रू, त्याची नव्हे. ते वाचणाऱ्यांत नववीतली मुलेही असतात.

मूल बोलले, त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये. घरातील औषधे आणि इजा होईल अशा वस्तू कुलपात ठेवाव्यात आणि दुसऱ्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यावी. तातडीच्या प्रसंगी ११२, मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे, तेथे मराठीतूनही बोलता येते.