अपग्रेडनंतर पीसी चालूच होत नाही? आधी हे तपासा

नवी रॅम, नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, हौसेनं बटण दाबलं आणि पीसी ढिम्म! मदरबोर्ड गेला असं लगेच धरून चालू नका. बऱ्याचदा एखादी केबल नीट बसलेली नसते. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, मगच कॅबिनेट उघडा.

🔌 पंखासुद्धा फिरत नाही?
• एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू आहे ना?
• मदरबोर्डची २४ पिनची केबल खटका बसेपर्यंत दाबा.
• पॉवर बटणाची दोन पिनांची बारीक वायर हात लागून निघालेली असू शकते.

🖥️ पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी?
• प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल आणि ग्राफिक्स कार्डची वेगळी पॉवर केबल पाहा.
• रॅमची एकच पट्टी लावून बघा.
• मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डलाच जोडा.
• प्रोसेसर नवा असेल, तर जुनं बायोस त्याला ओळखत नसेल. बायोस अपडेट करावं लागतं.

तरीही जमलं नाही, तर नवे पार्ट काढा, जुन्या जोडणीवर पीसी चालतो का पाहा आणि मग एकेक पार्ट जोडत जा. दोषी आपोआप सापडतो.

⚠️ एसएमपीएस बदललात, तर जुन्याच्या सुट्या केबल नव्याला लावू नका. पिनांची मांडणी वेगळी असू शकते, पार्ट जळतात. आणि एसएमपीएस स्वतः कधीच उघडू नका; प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो.