सल्लागार समितीत कोण बसते? उत्पादन अभियांत्रिकीचे तज्ज्ञ आणि आपला गाळा

वर्तमानपत्रात अधूनमधून एक छोटी बातमी येते. अमुक संस्थेची सल्लागार समिती नेमली गेली आणि तिच्यावर उत्पादन अभियांत्रिकीतील अनुभवी तज्ज्ञ घेतले गेले. आपला व्यापारी किंवा कारागीर ती वाचतो आणि पान उलटतो. ही मोठ्या लोकांची गोष्ट, आपला काय संबंध, असे त्याला वाटते. संबंध आहे आणि तो थेट रोजीशी आहे. तो कसा, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

अशा समित्या कोठे असतात?

फार लांब जाण्याची गरज नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या आपल्या उपनगरांतच त्यांचा संबंध येतो. समित्यांची नावे निरनिराळी असली तरी काम एकच, ते म्हणजे जाणकारांनी सल्ला द्यायचा आणि संस्थेने त्यानुसार पाऊल टाकायचे.

पहिला प्रकार आयटीआयचा. मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथे शासकीय आयटीआय आहेत. केंद्र सरकारने २००७-०८ साली देशातील १३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीने सुधारण्याची योजना आणली. तिच्यात प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज होते आणि ते कसे वापरायचे हे ठरवण्यासाठी एक व्यवस्थापन समिती होती. तिचा अध्यक्ष भागीदार उद्योगाचा. स्थानिक उद्योगांतले चार सदस्य तोच भागीदार सुचवतो. राज्य सरकारकडून पाच जण येतात: जिल्हा रोजगार अधिकारी, प्रशिक्षण संचालनालयाचा प्रतिनिधी, शिक्षणक्षेत्रातील एक तज्ज्ञ, संस्थेतील एक शिक्षक आणि एक विद्यार्थी. प्राचार्य हे सदस्य-सचिव.

दुसरा प्रकार मानके ठरवणाऱ्या समित्यांचा. आयएसआयचा शिक्का देणारी भारतीय मानक ब्यूरो ही संस्था १ एप्रिल १९८७ पासून काम करते. त्यापूर्वी हेच काम १९४७ साली स्थापन झालेली भारतीय मानक संस्था करीत असे. ब्यूरोचे पश्चिम विभागीय कार्यालय मुंबईतच आहे. बोल्ट, नट, हत्यारे, यंत्रे यांची मानके विषयवार समित्या तयार करतात. त्यांवर उत्पादक, ग्राहक, प्रयोगशाळा, सरकारी खाती आणि शिक्षणसंस्था यांचे प्रतिनिधी असतात.

तिसरा प्रकार महाविद्यालयांचा. अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय १९६२ पासूनचे. पवईची आयआयटी १९५८ची. तिच्या शेजारची औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, म्हणजे निटी, १९६३ची. ती २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. अशा संस्थांत काय शिकवावे, हे ठरवताना कारखान्यांतील जाणकारांचे मत घेतले जाते.

तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण?

'उत्पादन अभियांत्रिकीचा तज्ज्ञ' हा एकच शब्द असला तरी त्याच्या पोटात निरनिराळे पेशे आहेत. हे समजण्यासाठी आपल्या ओळखीचेच एक काम घेऊ. पंचवीस मिलिमीटर व्यासाचा लोखंडी शाफ्ट बनवायचा आहे. त्याचे माप किती काटेकोर असावे?

ज्याने सारी उमेद मापनाच्या प्रयोगशाळेत घालवली, तो सहाव्या श्रेणीची अचूकता मागेल. या व्यासाला तिचा अर्थ केवळ १३ मायक्रॉनची सूट. प्रत्यक्ष उत्पादन सांभाळलेला माणूस विचारील, 'हा शाफ्ट बसणार कोठे? सातवी श्रेणी पुरणार नाही का?' तेथे सूट २१ मायक्रॉनची. दुरुस्ती आणि देखभालीत मुरलेला म्हणेल की शेतीच्या साध्या अवजाराला आठवी श्रेणीही चालते, म्हणजे ३३ मायक्रॉन.

वाचकांनी येथे थांबून विचार करावा. तेहतीस मायक्रॉनचे काम चांगल्या लेथवर, चांगल्या हाताने निघते. तेरा मायक्रॉनला बहुधा ग्राइंडिंग लागते. ज्या गाळ्यात दोन लेथ आणि एक ड्रिल आहे, पण ग्राइंडर नाही, त्या गाळ्यातून हे काम समितीच्या एका ओळीने बाहेर जाते. त्या खोलीत कोणाचे वाईट करण्याचा हेतू कोणाचा नसतो. प्रत्येक जण आपल्या सवयीच्या नजरेने पाहत असतो, इतकेच.

तेव्हा समितीची यादी हाती आली की नावामागच्या पदव्या मोजण्यापेक्षा तो माणूस कोणत्या कामात तयार झाला, हे पाहावे. ढोबळमानाने पाच पार्श्वभूमी आढळतात.

एक, टूलरूमचा माणूस. डाय, जिग, फिक्श्चर बनवण्यात त्याचा हात बसलेला असतो. त्याला हातकामाची कदर असते आणि आयटीआयमध्ये फिटर, टूल अँड डाय मेकर हे व्यवसाय टिकावेत असे त्याला वाटते.

दोन, उत्पादन-व्यवस्थापक. ताशी किती नग निघाले, यंत्र किती वेळ बंद राहिले, हे त्याचे गणित. मुलांना सीएनसी आली पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो.

तीन, गुणवत्ता-नियंत्रणाचा जाणकार. गेज, मायक्रोमीटर, तपासणीचे कागद यांवर त्याचा भर. पुरवठादाराने नोंदी ठेवल्याच पाहिजेत, असे त्याचे म्हणणे.

चार, प्राध्यापक. धातूच्या कापणीचे शास्त्र, संगणकावरचे आराखडे, नवे संशोधन हे त्याचे क्षेत्र. पुढच्या दहा वर्षांत काय येणार हे तो सांगू शकतो. पण आजच्या गाळ्याचे भाडे किती, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही.

पाच, सरकारी तंत्र-अधिकारी. लघुउद्योगांसाठी सेवा संस्था असाव्यात, ही शिफारस फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आलेल्या परदेशी तज्ज्ञांनी १९५३-५४ साली केली. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांपैकी मुंबईची संस्था साकीनाक्याला कुर्ला-अंधेरी मार्गावर आहे. जुने लोक तिला आजही 'सीसी' म्हणजे एसआयएसआय म्हणूनच ओळखतात, जरी तिचे नाव आता एमएसएमई विकास कार्यालय असे झाले आहे. तेथील अधिकाऱ्याला योजना आणि नियम पाठ असतात.

आपल्या उपनगरांत तज्ज्ञांची एक पिढी विक्रोळीच्या गोदरेजमध्ये, पवईच्या लार्सन अँड टुब्रोमध्ये, कांदिवलीच्या महिंद्रमध्ये आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये घडली. प्रीमियरची ती मोटार आता बनत नाही. पण अशा कारखान्यांत वाढलेल्या माणसाची नजर मोठ्या कारखान्याचीच राहते. स्वतंत्र तपासणी विभाग, स्वतंत्र स्टोअर, स्वतंत्र देखभाल विभाग हे सारे असतेच, असे तो गृहीत धरतो. आपल्याकडे हे सर्व विभाग एकाच उस्तादाच्या डोक्यात असतात.

पदवी मोठी की काम?

यावर कोणी म्हणेल, पदवी नसलेल्याला समितीत कोण विचारतो? महाराष्ट्राच्या यंत्रउद्योगाचा इतिहास वेगळे सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला आले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाचित्राकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले. त्यांच्याजवळ अभियंत्याची पदवी नव्हती. पण लोखंडी नांगर त्यांनी बनवला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. शेतकरी नांगर कसा धरतो हे त्यांनी पाहिले होते. ज्ञान हाताने मिळालेले असले तरी ते ज्ञानच असते, हे आमचे म्हणणे आहे.

पण एक फरक आहे. लक्ष्मणरावांना आपले ज्ञान कागदावर काढता येत होते. आपल्या बहुसंख्य उस्तादांचे ज्ञान कागदावर येतच नाही आणि खरी अडचण तेथे आहे.

समितीच्या शब्दाचा परिणाम किती लांब जातो?

याचे उदाहरण अलीकडच्या इतिहासातले आहे. १९६७ पासून काही वस्तू केवळ लघुउद्योगांनीच बनवाव्यात असा नियम होता. आरंभी अशा ४७ वस्तू होत्या. पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. १९९५ साली सरकारने लघुउद्योगांसाठी एक तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्ष होते आबिद हुसेन. ते नाणावलेले प्रशासक, नियोजन मंडळाचे माजी सदस्य आणि अमेरिकेतील माजी राजदूत. जानेवारी १९९७ मध्ये समितीचा अहवाल आला. हे आरक्षण काढून टाकावे आणि त्याऐवजी लघुउद्योगांना तंत्रज्ञान, भांडवल व सेवा यांचा आधार द्यावा, असे तिचे मत होते. यादी टप्प्याटप्प्याने लहान होत गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तूही तिच्यातून निघाल्या.

हा सल्ला बरोबर होता की चूक, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आम्ही त्या वादात पडत नाही. आमचा मुद्दा इतकाच की, एका अहवालातील वाक्य १८ वर्षे चालत राहिले आणि लाखो गाळ्यांपर्यंत पोहोचले. आधार देण्याच्या ज्या शिफारशी होत्या, त्यांचा पाठपुरावा करायला गाळ्यातला माणूस किती ठिकाणी उभा होता, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

रिकामी खुर्ची कोणाची?

आयटीआयच्या समितीत स्थानिक उद्योगांच्या चार जागा आहेत. त्या मोठ्या कारखान्यांसाठी राखीव नाहीत. साकीनाक्याचा टर्निंगवाला, असल्फ्याचा फॅब्रिकेटर, भांडुपचा डाय बनवणारा यांपैकी कोणीही तेथे बसू शकतो. तरी तो सहसा दिसत नाही, आणि त्याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. त्याला कोणी ओळखत नाही, कारण त्याच्या कामाची कोठे नोंद नाही. बैठक कामाच्या वेळी असते आणि गाळा बंद ठेवला तर रोजी बुडते. शिवाय बैठकीचे कागद इंग्रजीत असतात.

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात दाखवून दिले की, मुस्लिम समाजात स्वयंरोजगार आणि कारागिरी करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि नियमित पगारी नोकरीचे कमी. म्हणजे ज्या लोकांचे पोट हातावर अधिक, तेच लोक हाताविषयी निर्णय होतात त्या खोलीत कमी. ही गोष्ट केवळ आपल्या समाजाची नाही. कोणत्याही जातीधर्माच्या लहान कारखानदाराची हीच कथा आहे. पण आपल्याला तिची झळ अधिक लागते.

मग करावे काय?

तक्रार करून खुर्ची मिळत नाही. आम्हाला सुचणारे उपाय साधे आहेत.

पहिला, आपली नोंद करा. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू आहे आणि तिला शुल्क नाही. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत यंत्रगुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' गणला जातो. म्हणजे आपले बहुतेक गाळे यात येतात.

दुसरा, कामाची वही ठेवा. कोणता जॉब, कोणता धातू, किती माप, किती सूट, किती नग नापास झाले, हे रोज चार ओळींत लिहा. पाच वर्षांची अशी वही ही तुमची पार्श्वभूमी होते. मुलगा किंवा मुलगी शिकलेली असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे.

तिसरा, अनुभवाला दाखला मिळवा. शाळेबाहेर शिकलेल्या कसबाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनांत आहे. वीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या उस्तादाने चाचणी देण्यात कमीपणा मानू नये.

चौथा, मानकांचे मसुदे वाचा. मानक ब्यूरो नवे मानक पक्के करण्यापूर्वी मसुदा लोकांसमोर ठेवते आणि सूचना मागवते. त्या पाठवण्यासाठी समितीचे सदस्य असावे लागत नाही. तयार मानके आता ब्यूरोच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात. 'हे माप लेथवर निघत नाही, अमुक वापराला तमुक सूट पुरते' असे कारणासह लिहिलेले एक पान समितीपुढे जाते. दहा गाळेवाल्यांनी मिळून लिहिले तर त्याचे वजन वाढते.

पाचवा, जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. दोन शिकाऊ मुले घेण्याची तयारी दाखवा. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. ज्याच्या गाळ्यात संस्थेची मुले शिकतात, त्याचे नाव समितीसाठी आपोआप पुढे येते. ही वेळही योग्य आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १००० शासकीय आयटीआयच्या सुधारणेसाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून तिच्यात उद्योगांना पुढाकार दिला आहे. कोणती यंत्रे घ्यायची, कोणते व्यवसाय शिकवायचे, याची चर्चा पुन्हा होणार आहे.

ती चर्चा टूलरूमवाला करील, व्यवस्थापक करील, प्राध्यापक करील. सर्वच सन्मान्य आहेत आणि त्यांच्या ज्ञानाची गरज आहे. पण दोन लेथच्या गाळ्यात दिवसाला किती काम निघते आणि कोठे अडते, हे त्यांना आपल्याशिवाय कोण सांगणार? पुढच्या वेळी समितीची बातमी आली तर पान उलटू नका. यादी वाचा, कोण कोणत्या कामातून आला आहे ते पाहा आणि आपल्या कामाचा माणूस तीत नसेल तर तेवढ्यासाठी एक पत्र तरी लिहा.