भांडण पैशांचं, दुखणं वेगळंच

सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातले गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेत. साताऱ्याच्या माण-खटावातले गडी मुंबईत माथाडी झाले, अपशिंग्यासारख्या गावांतले फौजेत गेले. अशा घरांत नवरा-बायकोचं भांडण बऱ्याचदा फोनवरच होतं.

"अवो, ह्या महिन्याचं पैसं अजून आलं न्हाईत."

"मग मी काय हितं मजा मारतोय व्हय?"

मजेचा विषय तिनं काढलेलाच नव्हता. मग तिला वाटतं, चोराच्या मनात चांदणं; काहीतरी लपवतोय. सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. एवढं अंगावर यायला आरोप खरा असावा लागत नाही, आरोप झाल्यासारखं वाटलं तरी पुरतं. गलाईचं दुकान चालत नाही हे बायकोला सांगायची लाज त्याला गप्प बसू देत नाही. तिच्याही मनात फक्त पैसे नसतात. किराण्यासाठी दिरापुढं हात पसरावा लागला, तो अपमान असतो. दोघंही ते सोडून बाकी सगळं बोलतात. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात जोडप्यांसाठी जी उपचारपद्धती घडवली, तिचा भर रागाखालच्या अशा भावनांवरच आहे. पण म्हणून काही राग खोटा ठरत नाही. तिचा तर रास्तच आहे.

"फोन कट केला, म्हणजे त्याला माझी पर्वा नाही," हेही नेहमी खरं नसतं. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. वरून दगडासारखा दिसणारा माणूस आतून चांगलाच पेटलेला असू शकतो. ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की समोरच्याचं धड ऐकूही येत नाही, म्हणून गॉटमन निदान २० मिनिटं थांबायला सांगतात. मात्र "अर्ध्या तासानं लावतो" म्हणून थांबणं वेगळं आणि फोन बंद करून टाकणं वेगळं. फोन बंद करण्याचं समर्थन इथं नाही.

सुखी जोडपी भांडत नाहीत, हा समज तर निकालातच काढावा. गॉटमन यांच्या पाहणीत जोडप्यांमधले ६९ टक्के वाद कधी पुरते सुटतच नाहीत.

आपल्याकडं वाद वाढला की चार वडीलधारी बसतात. चूक कुणाची ते ठरवायचं म्हटलं की दोघंही आपापले वकील होतात, आणि लाज आणखी खोल जाते. कुटुंब न्यायालय कायद्यानं १९८४ साली समुपदेशकांची तरतूद केली, ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते.

आणि मारहाण हे भांडण नव्हे. हात उचलणाऱ्याच्या मनातही भीती असेल, पण ती शोधत बसणं बायकोचं काम नाही. मारहाणीविरुद्ध २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, आणि महिलांसाठी १८१ हा फोन आहे.