योनीमुखाजवळची गाठ : निदानाच्या पायऱ्या

योनीमुखाभोवती येणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. त्यांत नेहमी आढळते ती बार्थोलिन ग्रंथीची. योनीमुखाच्या खालच्या भागात डावीउजवीकडे एकेक ग्रंथी असते. तिचे तोंड बुजले की स्राव आत साठून ती फुगते. या ओळखीच्या गाठीमुळेच दुर्मिळ गाठींचे निदान चुकते. चरबीची लायपोमा मऊ लागते; स्नायूपेशींची लिओमायोमा टणक असते, तरी अनेकदा बार्थोलिनची समजली जाते. गर्भावस्थेतील पोटाच्या आवरणाची नळी बुजायची राहिली, तर तिच्यात पाणी साठून जांघेपासून खाली फुगवटा येतो. तिथेच हर्नियाही उतरतो.

म्हणून आधी विचारपूस. गाठ कधीपासून आहे, खोकल्यावर वाढते का, आडवे झाल्यावर जिरते का? तसे होत असेल तर हर्नियाची शंका घ्यावी आणि खात्री होईपर्यंत सुई किंवा चिरा टाळावा. बाळंतपणातील टाक्यांच्या जागी पाळीच्या दिवसांत दुखणारी गाठ एंडोमेट्रिओसिसची असू शकते. चाळिशीनंतर बार्थोलिनच्या जागी नवी गाठ आली, तर कॅन्सर नाही ना हे पाहण्यासाठी तुकडा तपासावा लागतो.

सोनोग्राफीत गाठ पाण्याची की भरीव, हे कळते. भरीव आणि खोल गाठीसाठी एमआरआय उपयोगी पडतो. अॅग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा ही 1983 मध्ये प्रथम वर्णिलेली गाठ बाहेर लहान दिसते, पण ओटीपोटाच्या तळाशी खोलवर पसरलेली असते. ती सहसा इतर अवयवांत जात नाही. मात्र काढल्यावर पुन्हा उद्भवते. तिचा पसारा आधी कळला नाही, तर शस्त्रक्रिया अपुरी राहते.

निदानातला सर्वांत मोठा अडसर संकोचाचा आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के होत्या. दुखत नाही म्हणून गाठही अशीच अंगावर काढली जाते. लातूर जिल्ह्यातील उदगीर, देवणी, जळकोट भागातील स्त्रीने पहिली तपासणी उदगीरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे करून घ्यावी. पुढील तपासण्यांसाठी लातूर आणि नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

गाठीचे नाव अखेर पॅथॉलॉजीच्या अहवालानेच पक्के होते. त्यामुळे काढलेली प्रत्येक भरीव गाठ तपासायला पाठवावी, अहवाल जपून ठेवावा आणि पुन्हा येणाऱ्या प्रकारांत काही वर्षे नियमित तपासणी चालू ठेवावी.