घरांची आपसी बदली

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, ‘आपसी बदली’ म्हणजे काय ते लगेच सांगतील. एका शिक्षकाची शाळा एका टोकाला आणि गाव दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या शिक्षकाचं नेमकं उलट. दोघांची गाठ पडते, दोघं मिळून अर्ज करतात आणि मंजुरी आली की हा तिकडे जातो, तो इकडे येतो. कुठली जागा रिकामी होण्याची वाट बघावी लागत नाही. नोकरी शाबूत राहते, फक्त ठिकाण बदलतं.

अशीच आपसी बदली राहत्या घरांची झाली तर? कविकल्पना वाटेल, पण इंग्लंडमध्ये सार्वजनिक भाड्याच्या घरांची अशी अदलाबदल कायद्यानं होते. तिला तिथं ‘म्युच्युअल एक्स्चेंज’ म्हणतात. तुम्ही आमच्या घरात या, आम्ही तुमच्या घरात जातो, इतका साधा मामला. मध्ये पागडी नाही, दलाली नाही. ही रीत कशी चालते आणि पिढ्यान् पिढ्या भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या आपल्या मुंबईकरांना तिच्यातून काय घेता येईल, ते आज पाहू.

आधी ही घरं कोणाची, ते समजून घेऊ. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ साली ब्रिटिश संसदेनं घरबांधणीचा एक कायदा केला. तेव्हाचे मंत्री ख्रिस्तोफर ॲडिसन यांच्या नावानं तो ओळखला जातो. गरज असेल तिथं घरं बांधण्याची जबाबदारी त्यानं स्थानिक नगरपालिकांवर टाकली आणि त्यासाठी सरकारी पैसा दिला. नगरपालिकेला तिकडे ‘कौन्सिल’ म्हणतात, म्हणून ही घरं ‘कौन्सिल हाउस’ झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधली जवळपास एक तृतीयांश कुटुंबं अशा घरांत राहत होती. पुढं नगरपालिकांच्या जोडीला ‘हाउसिंग असोसिएशन’ मोठ्या झाल्या. आपल्याकडच्या सहकारी सोसायटीशी त्यांची गल्लत करू नका. नफ्यासाठी न चालणाऱ्या या संस्था स्वतः मालक असतात आणि कमी भाड्यानं घरं देतात.

या भाडेकरूंना १९८० च्या कायद्यानं भक्कम संरक्षण दिलं. भाडं वेळेवर भरलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव दिला नाही, तर कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणी बाहेर काढू शकत नाही. गरिबाला याहून मोठा आधार कोणता? पण या आधाराला एक मेख आहे. माणसाचं आयुष्य एका जागी थांबत नाही आणि घर मात्र जागचं हलत नाही. लग्न होतं, मुलं होतात, ती मोठी होऊन निघून जातात. गुडघे जिना नको म्हणू लागतात. कारखाना बंद पडतो आणि काम दुसऱ्या शहरात मिळतं. आई आजारी पडते, तिच्याजवळ राहावंसं वाटतं. अशा वेळी हातातलं सुरक्षित घर सोडलं, तर पुन्हा तसं घर मिळण्याची खात्री नसते. मग माणूस तिथंच राहतो. ज्या घरानं त्याला आधार दिला, तेच त्याला बांधून ठेवतं.

यातून सुटायला इंग्लंडमध्ये दोन वाटा आहेत.

पहिली वाट ‘ट्रान्स्फर’ची. भाडेकरू कौन्सिलकडे किंवा संस्थेकडे अर्ज करतो, की हे घर माझ्या गरजेचं राहिलेलं नाही, दुसरं द्या. गरज किती निकडीची यावरून अर्जांची वर्गवारी होते. घरात फार दाटी आहे, आजारपणामुळे जिना चढता येत नाही, घरात मारहाण होते आणि जिवाला धोका आहे, अशा अर्जांना आधी जागा मिळते. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. आणि रांग केवढी? २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या प्रतीक्षा याद्यांवर १३ लाखांहून अधिक कुटुंबं होती. एखादं घर रिकामं होईल तेव्हाच यादी पुढं सरकणार. ज्याची अडचण खरी आहे पण जीवघेणी नाही, त्याचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात.

दुसरी वाट अदलाबदलीची. समजा, एका गावात एक वृद्ध विधवा तीन शयनगृहांच्या घरात एकटीच राहते. मुलं दूर गेलीत, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना कुलूप आहे, हिवाळ्यात घर उबदार ठेवायचा खर्च झेपत नाही. त्याच गावात एक जोडपं तीन मुलांना घेऊन तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत कोंडून राहतं. दोघांनी यादीत नाव घातलं, तर दोघंही थांबून राहतील. पण एकमेकांचा पत्ता लागला, तर दोघांचीही अडचण एका दिवसात सुटते. सरकारला एक वीटसुद्धा नवी रचावी लागत नाही.

आता हा पत्ता लागतो कसा? पूर्वी लोक दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावायचे, वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यायचे. आता इंटरनेटवर त्यासाठी खास सेवा आहेत. ‘होमस्वॅपर’ हे त्यातलं ठळक नाव. माझं घर असं आहे, मला असं हवं आहे, एवढी माहिती भरायची. आपल्याकडच्या वधूवर सूचक मंडळासारखंच हे, फक्त इथं स्थळं घरांची! कधी दोघांचं जुळत नाही, पण तिघांचं जुळतं. पहिला दुसऱ्याच्या घरात, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा पहिल्याच्या. अशी साखळीही कायद्याला मान्य आहे.

कायदा आहे १९८५ चा, कलम ९२. कौन्सिलच्या कायम भाडेकरूला घरमालकाच्या लेखी संमतीनं अदलाबदल करण्याचा हक्क तो देतो. संमती लागते, पण ती मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. नकार कोणत्या कारणांनी देता येईल, त्यांची यादी कायद्यातच आहे. भाडेकरूविरुद्ध कोर्टाचा घर खाली करण्याचा हुकूम असेल, येणाऱ्या कुटुंबाच्या गरजेपेक्षा घर फारच मोठं असेल किंवा त्यांना पुरणारं नसेल, घर अपंगांसाठी मुद्दाम बांधलेलं असेल आणि येणाऱ्यांत तशी गरज असलेलं कोणी नसेल, अशी ती कारणं. यादीबाहेरचं कारण चालत नाही. शिवाय ही कारणं अर्ज केल्यापासून ४२ दिवसांच्या आत कळवावी लागतात. नंतर त्यांचा आधार घेता येत नाही. भाडं थकलं असेल, तर ‘आधी बाकी भरा, मग जा’ अशी अट मालक घालू शकतो. ज्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत, त्यांना ‘४२ दिवस’ या शब्दांचं मोल मी सांगायला नको.

पण घाईत सामान हलवणाऱ्यानं सावध राहावं. लेखी संमतीआधी आपापसात घरं बदलली, तर दोघांचेही भाडेहक्क धोक्यात येतात. घर आहे तसं स्वीकारावं लागतं. आधीच्या माणसानं कपाट तोडलं असेल किंवा भिंतीला भडक रंग दिला असेल, तर ते नव्या माणसाच्या पदरी. म्हणून आधी घर नीट बघावं. करारही वाचावा. २०११ नंतर तिथं काही घरांना बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडं लावता येऊ लागलं. जुन्या कमी भाड्याच्या घरातून अशा घरात गेलेल्याला पहिल्याच महिन्यात घाम फुटू शकतो.

या साऱ्यात मला सर्वांत लक्षणीय वाटते ती पैशाबद्दलची तरतूद. अदलाबदलीसाठी एकानं दुसऱ्याला वर पैसे दिले किंवा घेतले, तर त्या एका कारणावरून घर परत मिळवण्यासाठी मालक कोर्टात जाऊ शकतो. घर कमी भाड्याचं आहे ते लोकांच्या पैशातून. त्याचा सौदा करून कोणी खिसा भरू नये, हा त्यामागचा विचार.

आता मुंबईकडे या. इथं भाडेकरूंना संरक्षण दिलं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं. जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला सहज काढता येईना. हेतू चांगला होता आणि लाखो कष्टकऱ्यांचे संसार त्या आडोशाला उभे राहिले. पण घर बदलण्याची सरळ वाट मात्र राहिली नाही. सरळ वाट नसली की आडवाट पडते. तिचं नाव पागडी. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रक्कम घेणार, त्यातला हिस्सा, रिवाजानं साधारण एक तृतीयांश, मालकाला देणार, आणि मग पावती नव्या नावानं फाटणार. १९४७ च्या कायद्यात अशी रक्कम घेणं हा मालकासाठीही गुन्हा होता आणि भाडेकरूसाठीही. तरी अख्ख्या शहराचा व्यवहार तसाच चालला. अखेर ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्यानं, कलम ५६ मध्ये, ही रक्कम घेणं कायदेशीर ठरवलं.

मालक, हक्क, कब्जा, बदल हे सारे शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेनं मराठीत आले आणि इथलेच झाले. मुंबईच्या घरांच्या व्यवहारात पहिले तीन खूप चालले. चौथा मागं पडला. ज्याच्याकडे पागडीची रक्कम होती, त्याला बदल मिळाला. नव्हती, तो तिसऱ्या मजल्यावरच म्हातारा झाला. आजही गिरगावात, भायखळ्यात, लालबागला अशी माणसं भेटतील, की जी दवाखान्याला जायचं म्हटलं तरच जिना उतरतात. आणि त्याच गल्लीत तळमजल्याच्या खोलीतलं तरुण जोडपं वरच्या मोकळ्या हवेसाठी आसुसलेलं असतं. दोघांची गरज एकमेकांच्या दारात उभी असते. पण त्यांच्यासाठी ‘४२ दिवसां’चं कलम नाही.

इंग्लंडचं सगळं गोड आहे असं मात्र नाही. अदलाबदलीनं नवं घर तयार होत नाही. ज्याच्याकडे देण्यासारखं चांगलं घर आहे त्यालाच जोडीदार सापडतो. बाराव्या मजल्यावरच्या ओल आलेल्या घरात कोणाला जायचं असतं? तिथल्या कुटुंबाला ट्रान्स्फरच्याच रांगेत थांबावं लागतं. शिवाय १ एप्रिल २०१३ पासून सरकारनं मोठ्या घरातून हलण्यासाठी दट्ट्याही लावला. भाड्यासाठी सरकारी साहाय्य घेणाऱ्या, कामाच्या वयातल्या भाडेकरूकडे एक शयनगृह जादा असेल, तर हिशेबात धरलेल्या भाड्यात १४ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के कपात. लोकांनी त्याला ‘बेडरूम टॅक्स’ असं नाव दिलं. आपणहून घर बदलणं वेगळं आणि पोटाला चिमटा बसतो म्हणून बदलणं वेगळं. छोटी घरंच पुरेशी नसतील, तर माणसानं हलायचं तरी कुठं?

घरं कमी का पडली, याचंही उत्तर १९८० च्याच कायद्यात आहे. राहतं कौन्सिल हाउस सवलतीत विकत घेण्याचा हक्क त्यानं भाडेकरूंना दिला. इंग्लंडमध्ये त्याखाली सुमारे २० लाख घरं विकली गेली. घेणाऱ्याचं भलं झालं. पण विकल्या घरांच्या बदल्यात तेवढी नवी बांधली गेली नाहीत आणि मागून येणाऱ्याची रांग लांबली.

आपल्याकडे १९२० च्या दशकात, म्हणजे ॲडिसनच्या कायद्याच्याच सुमारास, सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामायिक. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांची मालकीची घरं मिळाली. शंभर वर्षं दाटीत काढलेल्यांना ती मिळाली याचा आनंदच आहे. पण त्याबरोबर सरकारी भाड्याची तेवढी घरं कायमची संपली, हेही खरं. उद्या या शहरात कामाला येणाऱ्या मजुराला, नर्सला, रिक्षावाल्याला ती मिळणार नाहीत.

म्हणून सरकार, म्हाडा किंवा महापालिका पुढं कधी भाड्याची घरं बांधणार असतील, तर करारात पहिल्याच दिवशी एक कलम घालावं. दोन भाडेकरूंना राजीखुशीनं घरं बदलायची असतील, तर ठरलेल्या दिवसांत परवानगी मिळेल. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागेल. आणि पैसा मध्ये येणार नाही. केंद्र सरकारी निवासस्थानांच्या जुन्या नियमांत एकाच प्रकारच्या दोन घरांच्या अदलाबदलीची सोय होतीच. साहेबाला जी सोय मिळाली, ती चाळीतल्या आजीला का मिळू नये?