सशाचा ओला डोळा : कारणे, ओळख व उपाय

घरी हौसेने पाळलेल्या सशाच्या एका डोळ्याखालील लव ओली दिसू लागली, की पाळणारा ती प्रथम कापडाने पुसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसतो आणि चार दिवसांनी औषधांच्या दुकानातून माणसांच्या डोळ्यांत घालावयाचे थेंब आणतो. या थेंबांनी कधी दोन दिवस आराम पडल्यासारखे वाटते. परंतु आत जखम असल्यास डोळा पांढरा पडतो, आणि मगच ससा दवाखान्यात नेला जातो. तोपर्यंत डोळा वाचविण्याची वेळ पुष्कळदा निघून गेलेली असते. सशाचे डोळे गळणे हा प्रत्येक वेळी डोळ्याचाच रोग नसतो. त्याचे मूळ अनेकदा दातांत, नाकात किंवा पिंजऱ्यातील हवेत असते, ही गोष्ट पाळणाऱ्याने व त्यास सल्ला देणाऱ्या ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने आरंभीच ध्यानात घ्यावी.

निरोगी सशाचा डोळा पूर्ण उघडा, चकचकीत व कोरडा असतो. न्यूझीलंड व्हाईटसारख्या पांढऱ्या जातींचे डोळे रंगद्रव्याच्या अभावी जन्मतःच लाल दिसतात. तो रोग नव्हे. अशा सशात डोळ्यातील बाहुलीची लाली न पाहता पापणीच्या आतील त्वचा पाहावी. ती फिकट गुलाबी असावी. लालभडक किंवा सुजलेली नसावी. दोन्ही डोळे रोज एकदा शेजारी शेजारी ताडून पाहण्याची सवय ठेवल्यास बारीकसा फरकही लवकर लक्षात येतो.

आता दातांचा संबंध पाहू. सशाच्या प्रत्येक डोळ्यातील अश्रू वाहून जाण्यास खालच्या पापणीत एकच छिद्र असते. तेथून निघालेली बारीक अश्रुनलिका वरच्या दाढांच्या व पटाशीच्या दातांच्या मुळांजवळून वळणे घेत नाकात उतरते. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत तासन् तास चघळल्यानेच ते झिजतात. ज्या सशाला गवताऐवजी भिजविलेले धान्य, पोळीचे तुकडे, बिस्किटे व पेंड यांवर ठेवले जाते, त्याचे दात पुरेसे झिजत नाहीत. मग मुळे वर सरकून अश्रुनलिका दाबली जाते, अश्रूंना वाट राहत नाही आणि ते गालावरून ओघळतात. साचलेल्या पाण्यात पुढे जंतू वाढून पांढरा, दुधासारखा पू येऊ लागतो. डोळ्यात कितीही औषध घातले तरी दात तसेच असेपर्यंत हे पाणी थांबत नाही. खाताना घास खाली पडणे, हनुवटी ओली राहणे, जबड्याच्या कडेला गाठ लागणे या खुणा सोबत असतील, तर दातांचा संशय पक्का समजावा. पशुवैद्य बारीक नळीने अश्रुनलिका धुऊन मोकळी करतात व दातांचीही तपासणी करतात. लहान, चपट्या तोंडाच्या शोभेच्या जातींत हा दोष अधिक आढळतो. हौशी लोक नेमक्या त्याच जाती पसंत करतात.

दुसरे मोठे कारण पिंजऱ्यातील हवा होय. सशाचे मूत्र साचले की त्यातून अमोनिया वायू सुटतो. पिंजऱ्याचे दार उघडताच आपल्या नाकाला झोंबणारा वास आला, तर जमिनीलगत दिवसभर बसणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांचे काय होत असेल, याची कल्पना करावी. ससा तासाभरात सुमारे १० ते १२ वेळाच पापणी मिटतो. सबब धूळ व वायू यांचा त्याच्या डोळ्यावर फार काळ मारा होतो. तळाची घाण रोज काढावी, पिंजरा पूर्ण बंदिस्त ठेवू नये, अंथरुणास बारीक भुसा वापरू नये व तळाला चुन्याची भुकटी टाकू नये. कुसळी गवत पक्व झाल्यावर तर मुळीच घालू नये. त्याचे कुसळ तिसऱ्या पापणीखाली शिरून तेथेच अडकते, आणि बाहेरून काहीच दिसत नसल्याने डोळा का मिटला आहे हे कळत नाही.

डोळा अर्धवट किंवा पूर्ण मिटलेला असणे, उजेड सहन न होणे, आणि बुबुळावरील पारदर्शक पडदा निळसर किंवा पांढुरका दिसणे, ही जखमेची लक्षणे आहेत. यात एक दिवसही थांबू नये. पशुवैद्य फ्लुओरेसीन नावाचा रंग डोळ्यात घालून पाहतात. जखम असल्यास तेवढी जागा हिरवी दिसते. दुकानात मिळणाऱ्या अनेक थेंबांत जंतुनाशकाबरोबर डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन ही स्टिरॉइडे असतात. त्यांनी लाली तात्पुरती उतरते, पण जखम भरून येत नाही. ती खोल जाऊन डोळा फुटण्यापर्यंत मजल जाते. म्हणून हिरवा रंग घालून तपासल्याशिवाय कोणतेही थेंब वापरू नयेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

डोळ्यांबरोबर नाकही वाहत असेल, ससा शिंकत असेल आणि पुढच्या पायांची आतील लव चिकटून राठ झाली असेल, तर तो पाश्चुरेला जंतूंचा श्वसनरोग असण्याचा संभव असतो. अशा सशास ताबडतोब वेगळे ठेवावे. पापण्यांच्या कडेला व नाकावर खपल्या धरल्यास खरूज समजावी. कुत्र्यांच्या गोचिडांवरील फिप्रोनिलयुक्त फवारा मात्र सशाला विषारी ठरतो. एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसल्यास त्यामागे बहुधा दाताच्या मुळाचा पू साठलेला असतो.

दवाखान्यात नेईपर्यंत घरी एवढेच करावे. सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून, मागील पायांना आधार देऊन मांडीवर घ्यावे; कान धरून उचलू नये, कारण त्याने जोरात झटका दिल्यास पाठीचा कणा मोडू शकतो. उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा नॉर्मल सलाईनमध्ये कापूस भिजवून चिपडे मऊ करावीत व नाकाकडून बाहेर पुसावे. प्रत्येक डोळ्यास नवा बोळा घ्यावा. चहाचे पाणी, मध, दूध अगर गुलाबपाणी घालू नये. माणसांसाठी आणलेले पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन किंवा लिंकोमायसिन तोंडावाटे कधीही देऊ नये. त्याने सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन तो दगावतो. डोळा दुखत असलेला ससा खाणे सोडतो. त्याने १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर डोळ्यापेक्षा पोटाचा धोका मोठा समजून त्वरित पशुवैद्य गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

पिलांचे डोळे सुमारे १० ते १२ दिवसांनी उघडतात. बाराव्या दिवशीही डोळा मिटलेलाच व फुगीर असेल, तर पापणीखाली पू साठला आहे असे जाणून ती कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवावी व बोटांनी अगदी हलकेच मोकळी करावी. ओढाताण करू नये. त्या दिवशीच पिलांचे घरटे बदलून नवे कोरडे गवत घालावे आणि पू पुन्हा आल्यास पिलू पशुवैद्यास दाखवावे.

कधी उपचार उशिरा सुरू होऊन डोळा काढावा लागतो. त्यामुळे ससा टाकाऊ होत नाही. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने डोळा गेलेल्या अंगाचे त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही व त्या बाजूने अचानक हात आला की तो दचकतो. पिंजऱ्यातील खाण्यापिण्याची जागा बदलू नये, आणि जवळ जाताना दिसत्या बाजूने, थोडा आवाज देत जावे.